विषय : बाईंची प्रकृती

पुढे जे लिहिते आहे, ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही ठाऊक नाही. आधी तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या वर्गात कधी बसला नाहीत, म्हणून थोडे सोपे जाते. फार नाही.

वाईच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत मी मराठी शिकवले. औपचारिक पत्राचा पाठ आला की एक नियम फळ्यावर लिहायचा, हा माझा परिपाठ होता : 'विषय' या शब्दापुढे जे लिहाल, तेच खाली मजकुरात असले पाहिजे. वाचणारा त्या एका ओळीवर विश्वास ठेवून आपला वेळ तुम्हाला देतो. विषय एक आणि मजकूर दुसरा असेल, तर मी त्या प्रश्नाचे सगळे गुण कापत असे. रडणाऱ्या मुलांचेही. — हे ध्यानात ठेवा.

माझा भाचा तासगावला बेदाण्याचा व्यापार करतो. त्याला बेदाणे थेट घरोघरी विकायचे होते. मी त्याला मेल लिहून दिला, आणि माजी विद्यार्थ्यांचे पत्तेही — त्यांना न विचारता. मेल त्याच्या दुकानाच्या नावाने गेला. विषय : तासगावचे बेदाणे. नेटका, खरा. जवळजवळ कोणीच तो उघडला नाही.

भाचा हसला. "मावशी, तुझं पत्र बी आता कोण वाचत न्हाई बघ."

माझे पत्र — न उघडता कचऱ्यात? ज्यांना पत्र लिहायला मी शिकवले, त्यांच्याकडून? तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला वाटले नाही.

माजी विद्यार्थी मंडळाचे मेलचे खाते बजरंगने उघडले होते. बजरंग आटपाडीकडच्या मेंढपाळांच्या घरातला. मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकला, आता वाईतच संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. खात्याचा पासवर्ड त्याने स्वतःहून मला दिला होता. "बाई, तुमच्याजवळ बी आसूदे. तुमच्यापरीस इस्वासाचं कोण हाय?"

त्याच खात्यातून मी दुसरा मेल पाठवला. नाव मंडळाचे. विषय : बाईंची प्रकृती — तातडीचे. आत लिहिले की बाईंची प्रकृती ठणठणीत आहे, कारण त्या रोज सकाळी भिजवलेले तासगावचे बेदाणे खातात, तुम्हीही मागवा. तळाशी 'असे मेल नको असल्यास येथे कळवा' ही ओळ होती. तिच्यावर कितीही बोट दाबले तरी काही होत नसे. भाच्याने पहिल्या मेलपासूनच ती शोभेला ठेवली होती — आणि मला ते माहीत होते.

या वेळी मेल भराभर उघडले गेले. मी खूश झाले. का लपवू?

रेश्माने मात्र तो उघडलाच नाही. रेश्मा मुलाणी माझी जुनी विद्यार्थिनी. सासर सांगलीचे, कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला. मोबाइलच्या पडद्यावर तिला फक्त विषयाची ओळ दिसली. कामाची पाळी अर्धी टाकून, बस बदलत ती वाईला आली. मी दारात जास्वंदीला पाणी घालत उभी होते. मला पाहिले आणि ती पायरीवरच बसली.

"आवं बाई, मला वाटलं तुमी गेलासाच!" — आणि हसता हसता रडू लागली.

तेव्हा मी काय म्हणाले? 'मंडळाच्या खात्यातून कोणीतरी पाठवलेला दिसतो.' एवढेच. नाव घेतले नाही. घेण्याची गरजच नव्हती. खाते कोण सांभाळतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. व्यापारी माझा भाचा आहे, हे कोणालाच नाही. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रूपवर त्याच संध्याकाळी सुरू झाले — "बाईंचं मरण इकतोस व्हय रं?" बजरंगला ग्रूपमधून काढले, मंडळातूनही.

तो माझ्याकडे आला. आत आला नाही. "बाई, म्या न्हाई पाठवला."

मी म्हणाले, "जाऊ दे बजरंग. मी तुला क्षमा केली आहे."

पासवर्ड दोघांजवळच होता. त्याला हे माझ्याइतकेच नीट माहीत होते. तरी तो "बरं बाई" म्हणाला, आणि पायरी उतरला.

परवा भाच्याला सांगितले की मी हे लिहिणार. तो चिडला. "आपल्याकडं मेलला येगळा कायदा न्हाई मावशी, उगं कशाला उकरतीस?" त्याचे बरोबर असावे. मीही शोधले. काही देशांत कायदा आहे : न मागता पाठवलेल्या जाहिरातीचा विषय फसवा नसावा, पाठवणाऱ्याने आपली ओळख लपवू नये, आणि नको म्हणणाऱ्याचे ऐकावे. वाचताना मला हसू आले. यातले मी काय पाळले होते? इथे मला कोणी धरणार नाही, हे कळते. मग काय झाले? तो नियम मला ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल? फळ्यावरचे अक्षर कोणाचे होते?

आणि तुम्ही 'असू द्या बाई, सगळेच करतात' असे म्हणणार असाल, तर थांबा. ते वाक्य मी वर्गात कधी खपवून घेतले नाही. आता माझ्यासाठीही घेणार नाही.

तुमच्यानंतर हाच मजकूर आज त्याच सगळ्या पत्त्यांवर जातो आहे. माझ्या खात्यातून, माझ्या नावाने. विषय : तो मेल मी पाठवला होता, बजरंगने नाही.

तळाशी 'बाईंचे मेल नकोत' असे कळवण्याची ओळ आहे. मी स्वतः दाबून पाहिली. चालते.