ओल आलेल्या भिंतीचा फ्लॅट आज विकला गेला

मंडळी, वाशिंदमधल्या जुन्या फ्लॅटचे भाव मी इथे दर महिन्याला टाकतो. या महिन्यात चौकशी वाढलीय, भावही थोडे चढलेत. पण आज सांगायचंय ते वेगळंच.

पहिल्या मजल्यावरचा एक फ्लॅट कित्येक महिने पडून होता. बेडरूमच्या भिंतीला ओल. गिऱ्हाईक भिंत बघायचं आणि परत फिरायचं.

आज इथल्याच कारखान्यात नोकरी करणारी रंजना आली. सोबत सापगावजवळच्या वाडीतले तिचे वडील. त्यांनी नेमका त्याच भिंतीवर हात फिरवला. म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक!

"भाऊ, हा गिलावा माझाच हाय," ते म्हणाले. "बिल्डिंग बांधली तवा आमी इथं कामाला होतो. मालकाला घाई. गिलाव्यावर पाणी मारायला टाइमच नाय दिला."

रंजना हसायला लागली.

"मग आता निवांत कर, बाबा. या टायमाला मालकीण मी हाय!"

काका इतके हसले की डोळे पुसावे लागले. टोकन तिथेच दिलं.

माझ्या घराचा गिलावा कोणी केला, मला आजवर ठाऊक नाही. तुम्हाला तुमच्या घराच्या गवंड्याचं नाव माहीत आहे का?