दाराच्या कॅसेटची दुसरी बाजू

"मशीन बिघडली म्हन," लालसिंगकाका म्हणाले.

ते बंजारा तांड्याच्या फाट्यावर माझी वाट बघत उभे होते. दिग्रसहून मी स्कूटीवर आले होते. पायाशी बाबांचा जुना टेपरेकॉर्डर, ओढणीत गुंडाळलेला.

"बिघडली नाही, काका. सकायीच लावून पाह्यली."

"मले कायले सांगतं? तुह्या काकूले सांग. तू नाटकवाली, तुले तं खोटं बोलता येते."

"नाटकात खोटं नाही बोलत."

"मंग काय करता? मरता, अन् पडदा पडला का उठून चहा पेता. तेवढंच कर आज."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या कॅसेटीत ममता नाही, पोरी. मी पुसली."

लालसिंग राठोड यांचं आयुष्य दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये गेलं. भुवयांत कापूस चिकटलेला असायचा, म्हणून तरुणपणीही ते म्हातारे दिसायचे. होळीला तांड्यात नगारा त्यांचाच. बाकी दिवस मिलची सुट्टी झाली की बसस्टँडमागं माझ्या बाबांच्या दुकानात. बाबा, म्हणजे बळीराम, कॅसेटी भरून द्यायचे. कोरी कॅसेट आणा, पसंतीची गाणी सांगा, संध्याकाळी घेऊन जा. गाणी संपली की बाबा तिथल्या तिथं बंदचं बटण दाबायचे. उरलेली टेप गिऱ्हाइकाची, तिला आपण हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम.

नागपूरहून घाऊक आणलेल्या मालात एकदा एक इंग्रजी कॅसेट आली. विलायतेतल्या चार पोरांचा रॉक बँड. कव्हरवर ओसाड शेतात एकटंच उभं दार, ना भिंत, ना घर. दिग्रसमध्ये ती कोण घेणार? बाबा तिच्यावर स्पीकर तपासायचे. पुढं कधीतरी मी या अल्बमबद्दल शोधलं, तर जेमतेम दोन ओळी सापडल्या. विकला गेला नाही, बँड मोडला. जगानं टाकून दिलेली ती कॅसेट एका माणसानं उचलली, आणि तो आमच्या दुकानात चिवडा खात उभा होता.

"बळीराम, हे काय हाय? पुन्हा लाव."

"इंग्रजी हाय बाबू. तुले समजते काय?"

"त्याचा नगारेवाला समजते ना."

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं त्यांचं खास. त्यात ढोल बंद पडतो. एकटी गिटार आणि गाणाऱ्याचा फाटका आवाज चालू राहतो. आता येईल, आता येईल वाटतं आणि थाप येत नाही. आपण आशा सोडली की येते. काका दुकानाच्या फळीवर बोटं उचलून धरायचे. "पाह्य, तो बसला हाय वाट पाहत. वाजवता कोनालेबी येते. याले थांबता येते." त्यांनी पूर्ण अल्बम लांब कॅसेटवर भरून घेतला, आणि पाठीमागचे प्लास्टिकचे दोन्ही दात स्वतः मोडले. दात मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. पण भोकावर काही चिकटवलं, की येतं.

ममताच्या, म्हणजे त्यांच्या पोरीच्या लग्नात बसंतीकाकूंनी टिकली चिकटवली.

तांड्यात नवरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, गात. आधी आई, मग काकू-मावश्या, सगळ्यांत शेवटी बाप. ढावलो एकदाच. सहज म्हणून पुन्हा कोणी म्हणत नाही, अशुभ मानतात. काकूंना तो भरून ठेवायचा होता. घरात कॅसेट एकच होती, तिच्या दुसऱ्या बाजूवर भरला.

"चार दिसांनी मी गानं लावलं," फाट्यावर काका सांगत होते, "तं रडनं. माह्यं डोस्कं फिरलं. पोरगी आर्णीकडं दिली, काही समुंदरापार नाही. बाजारले येते, आयकू ना तिचा आवाज. तसाच तुह्या बापाकडं गेलो. तो म्हने, लालसिंग, याच्यावर पोरगी रडून राह्यली. भरू? म्या म्हनलं, भर."

"काकूले सांगतलं नाही?"

"सांगनार होतो. मंग ममताच गेली."

सासरचे म्हणाले, विहिरीवर पाय घसरला. बसंतीकाकू आजवर तसं म्हणत नाहीत. त्या फक्त "तिले विहिरीतून काढली" एवढं म्हणतात. नगारा तेव्हापासून आढ्याला टांगलेला आहे. काकूंनी कॅसेट मागितली, तर काकांनी घरातला टेपरेकॉर्डरच विकून टाकला. नंतर म्हणाले, जुनी टेप आहे, लावली की तुटते. अशी चोवीस वर्षं काढली. या महिन्यात काकू एकट्या बसनं दिग्रसला आल्या आणि आमच्या दारात उभ्या राहिल्या. "पोरी, मले आता तिचं तोंड आठवत नाही. फोटू एक, त्यात पदरच दिसते. तुह्या बापाची मशीन हाय ना?"

घरात शिरलो तेव्हा कॅसेट काकूंच्या मांडीवर होती. मखमली टिकली अजून भोकावर, रंग गेलेली.

"काकू," मी म्हणाले, "मशीन जरा..."

काका उंबऱ्यावर बसले होते, माझ्याकडं न बघता. काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी इतक्या लोकांसमोर इतकं काय काय बोलले आहे, पण ते वाक्य पुढं गेलं नाही.

"लाव," त्या म्हणाल्या.

मी लावली. खरखर झाली आणि गिटार सुरू झाली.

"हे कोन?"

"ते इंग्रजी गानं, काकू."

"बाजू चुकली काय?"

"नाही."

त्या ऐकत राहिल्या. एक गाणं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्यात ढोल थांबला, तो माणूस एकटा गाऊ लागला, आणि काकूंनी मान वाकडी करून विचारलं, "याचं कोन मेलं?"

"कोनी नाही," उंबऱ्यावरून काका म्हणाले. "गानं हाय ते."

"असं कोनी उगाच गाते?" मग तशाच आवाजात, "ममता याच्या मांग हाय काय?"

काकांनी तोंड हातात धरलं. "नाही बसंती. त्याच्यावर हेच भरलं. म्या भरलं. ते जिती होती तवाच."

तेवढ्यात थाप आली. काकू दचकल्या नाहीत. मी बंद करायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरून ठेवला. "संपू दे त्याले."

गाणी संपली. नुसती खरखर उरली. काका उठले, "बंद कर आता," म्हणाले. काकूंनी माझा हात सोडला नव्हता.

आणि खरखरीतून एक बाई रडली.

बाबांनी गाणी संपताच बटण दाबलं होतं. उरलेली टेप गिऱ्हाइकाची.

ममताचा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जाड होता. सर्दी झाल्यासारखा. मागं बायका, कुठंतरी भांडं पडलेलं. ती "बापू, बापू" करून एकेक ओळ ओढत होती. तांड्यातली गोर बोली मला अर्धीच कळते, पण हे कळलं. होळीला मला न्यायला ये, बापू. नगाऱ्याला हात लावायच्या आधी ये. मी वाटेकडं बघत बसेन. मध्येच लग्नातला, तरुण काकांचा आवाज, "येतो ना, छोरी, येतो," आणि कोणीतरी हसलेलं. मग खट्‌ झालं. टेप संपली.

त्या होळीला काका गेले नव्हते. मिलचा सीझन होता. पुढची होळी ममतानं पाहिली नाही.

बाहेर कोणाची तरी मोटरसायकल चालू होत नव्हती.

"पह्यले माह्या गळ्यात पडली होती," काकू म्हणाल्या. "लई वेळ सोडे नाही. ते गेलं. तुमचं राह्यलं."

"बसंती..."

"काय म्हने माह्या गळ्यात पडून? तुमाले आठवते?"

"म्या तवा मांडवाबाहीर होतो."

"मलेबी नाही आठवत."

काकांनी भिंतीला हात टेकला. मला म्हणाले, "पुन्हा लाव, पोरी. शेवटचं लाव, तिचं."

"नाही," काकू म्हणाल्या. "पह्यल्यापासून लाव. त्या मानसाचं."

"कायले व?"

"माह्यं त्याच्याच खाली हाय."

मी टेप मागं नेली. गिटार सुरू झाली तशी काकू सरकून स्पीकरपाशी बसल्या, जाळीला कान लावून, डोळे मिटून. दुसरं गाणंही त्यांनी तसंच ऐकलं. तिसऱ्यात ढोल थांबला. तो माणूस एकटा गाऊ लागला आणि काकूंचे ओठ हलायला लागले. शब्द नव्हते, नुसते ओठ.

लालसिंगकाका उठले. या गाण्यात थाप यायच्या आधी त्यांना उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चपला घातल्या नाहीत. आढ्याच्या नगाऱ्याखालून वाकून ते बाहेर गेले आणि फाट्याच्या दिशेनं, आर्णीच्या वाटेला चालू लागले.

थाप आली तेव्हा ते वळणापलीकडं गेले होते.