पंख्याच्या विमानाचे कॅप्टन

"मागं वजन जास्त झालंय, उस्ताद," असं म्हणून कॅप्टन माझ्या गाडीतून खाली उतरायचे आणि माणसं हलवायला लागायचे.

माझी गाडी म्हणजे परभणी-बोरी-जिंतूर चालणारी काळी-पिवळी जीप. दहा माणसं बसतात, पंधरा बसवतो. कोण कुठं बसलं याचा विचार मी तीस वर्षांत केला नव्हता; दार लागलं म्हणजे झालं. पण हे गृहस्थ स्टँडवर उभे राहून एकेकाला नजरेनं तोलायचे. एकदा एका म्हातारीला त्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "माय, तुमचं वजन किती असेल?" म्हातारी म्हणाली, "काऊन? मला बाजारात इकायलास का रे?" सगळी गाडी हसली. तेही हसले आणि तिला पुढं माझ्याशेजारी आणून बसवलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी जिंतूरपर्यंत गाडीनं धक्के कमी दिले.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याच्याकडं लोक जरा वेडा म्हणूनच बघतात. आमच्या गल्लीतला हा वेडा खराखुरा पायलट होता. वडील पूर्णा जंक्शनला रेल्वेत गार्ड होते, पोरानं रुळावरच राहावं अशी त्यांची इच्छा. पोरगं गेलं आभाळात. पुढं त्यांची विमान कंपनी बसली आणि ते म्हाताऱ्या आईला घेऊन आमच्या शेजारी राहायला आले. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. लग्न नव्हतं केलं. मी विचारलं तर म्हणाले, "रोज सहा गावं करायचो, उस्ताद. कोणत्या गावात करू?"

त्यांनी चालवलेली विमानं छोटी, पंख्याची. सत्तर माणसं, मागच्या दारानं चढायचं, तासाभरात दुसरं गाव. मोठ्या विमानावर बोलावणं आलं होतं, ते गेले नाहीत. याचं मला लय नवल वाटायचं. आमच्यात जीपवाल्याला ट्रॅव्हल्स चालवायला मिळाली तर तो गावजेवण घालील.

"मोठं विमान ढगाच्या वर जाऊन बसतं," ते सांगायचे. "आमचं ढगाच्या मधून जातं, थपडा खात. उतरायला लागलं की खाली बैल धुणारा माणूस दिसतो. बैलाचा रंगसुद्धा. आणि वारा आडवा असला ना, तर विमानाचं तोंड वाऱ्याकडं तिरकं ठेवून खाली आणायचं, चाकं टेकायच्या आत पायानं सरळ करायचं. तेवढ्यासाठी मी दिवसभर उपाशी राहीन."

हे सांगताना त्यांचे दोन्ही पाय आमच्या ओट्यावर हलायचे. संध्याकाळी मी गाडी लावून आलो की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती लँडिंग?" मी म्हणायचो, "चार खेपा." मग ते समाधानानं मान हलवायचे. माझ्या कामाला त्यांनी जेवढा मान दिला तेवढा माझ्या सोयऱ्यांनी कधी दिला नाही.

दोन वर्षं ते वाट बघत होते. मग बोलावणं आलं. नवी कंपनी, विमान तेच पंख्याचं. फक्त आधी हैदराबादला डॉक्टरी तपासणी द्यायची. त्यांच्या मायनं गल्लीत पेढे वाटले. कॅप्टन सकाळी चालायला जाऊ लागले, तेलकट सोडलं, आणि रोज दुपारी जुन्या वह्या काढून तोंडातल्या तोंडात काहीतरी घोकत बसायचे. परीक्षेला बसलेल्या पोरासारखे दिसायचे.

तपासणीला अकरा दिवस होते. त्या दुपारी ते माझ्या गाडीतून सहज म्हणून बोरीपर्यंत आले होते. आम्ही हॉटेलात चहा घेत होतो. बोलता बोलता त्यांच्या हातातला कप वाकडा झाला. चहा शर्टावर सांडायला लागला आणि त्यांना ते कळत नव्हतं. मी हाक मारेपर्यंत ते बाकावरून खाली गेले. हातपाय ताठ, तोंडाला फेस. आमच्याकडं फेफरं आलं की चप्पल हुंगवतात. एकानं तेच केलं. शुद्धीवर आल्यावर त्यांना आधी नाकाजवळची चप्पल दिसली, मग मी.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"मिनिटभर."

"खरं सांगा, उस्ताद."

"तीन मिन्टं आसंल."

परत येताना मी गाडीत त्यांना एकट्यालाच घेतलं. म्हणालो, "ऊन लागलं तुमाला. चक्कर हाय ही, बाकी काई न्हाई. तिथं बोलायची गरज न्हाई." मग मी माझं गुपित सांगितलं. लायसनच्या वेळी मी डोळ्याच्या तपासणीचा तक्ता पाठ करून गेलो होतो. खालच्या दोन ओळी मला दिसत नाहीत, पण अजून तोंडपाठ आहेत. "काई झालं का मला? तीस वर्षं चालवायलोय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या रस्त्याकडं पाहिलं.

ते हैदराबादला गेले. चौथ्या दिवशी परत आले तेव्हा मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो होतो. चेहऱ्यावरूनच कळलं.

"फॉर्मवर एक प्रश्न असतो," गाडीत बसल्यावर ते म्हणाले. "कधी शुद्ध हरपली होती का. मी 'नाही'वर खूण केली. मग जरा वेळ बसलो. मग ती खोडली."

"खोडली?"

"सत्तर माणसं असतात, उस्ताद."

"आन शेजारी दुसरा पायलट बसलेला आसतो की न्हाई? तुमीच सांगितलं होतं मला."

"हो. मीही स्वतःला आधी तेच सांगितलं."

खूण खोडल्यावर तिथंच त्यांच्या मेंदूच्या तपासण्या झाल्या आणि कागदावर शिक्का बसला. कायमचे अपात्र. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्या दारात गेलो नाही. अरे, आपल्या हातानं आपल्या ताटात माती कालवतं का कुणी? असंच वाटत होतं मला. आणि त्याच आठवड्यात मी गुपचूप डोळे तपासून चष्मा आणला, हेही खरं.

लोक म्हणाले, केवढा प्रामाणिक माणूस. शाळेतल्या एका मास्तरांनी तर पोरांपुढं भाषणाला बोलावलं. कॅप्टन गेले नाहीत. मला म्हणाले, "हा प्रामाणिकपणा घेऊन मी कुठं जाऊ, उस्ताद? रोज सकाळी उठतो आणि वाटतं, ती खूण तशीच राहू द्यायला पाहिजे होती. रोज वाटतं. मी काही चांगला माणूस नाही."

डॉक्टरांनी स्कूटरसुद्धा चालवायची नाही म्हणून बजावलं होतं. ते स्टँडवर यायचे बंद झाले. मी पंधरा माणसं कशीही कोंबून नेत होतो. एक दिवस मायनं मला आत बोलावलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. माय म्हणाली, "भाऊ, याला कुठंतरी घेऊन जा. चार दिवस झाले, माझ्याशी बोलंना गेलाय."

माझ्या डोक्यात जे आलं ते मूर्खपणाचं होतं, पण दुसरं काही सुचलं नाही. नांदेडहून हैदराबादला छोटं पंख्याचं विमान जायचं. म्हटलं, प्रवासी म्हणून का होईना, यांना एकदा वर नेऊ. ते नको म्हणाले. मी हट्टाला पेटलो. म्हणालो, "मी जन्मात विमानात बसलो न्हाई. तुमी न्हाई नेणार तर कोण नेणार?" त्यावर ते उठले आणि दाढी केली.

आम्ही जाऊन आलो आणि दोन महिन्यांनी कॅप्टन गेले. झोपेतच झटका आला. मायला पूर्णेचे नातेवाईक घेऊन गेले, घराला कुलूप आहे. पण मला सांगायचंय ते विमानातलं.

आम्हाला पंख्याजवळची जागा मिळाली. पंखा फिरायला लागला, मग दिसेनासा झाला, आणि जमीन सुटली तेव्हा मला लहानपणीच्या जत्रेतला पाळणा आठवला. खाली गोदावरी, कापसाचे पट्टे, पत्र्यांवर चमकणारं ऊन. एका ढगात शिरलो आणि विमानाला दणके बसायला लागले. मी हसत सुटलो, बघा. पंचावन्न वर्षांचा माणूस, हसू आवरेना. हा माणूस कशापायी मोठ्या विमानावर गेला नाही ते मला तेव्हा कळलं. सांगायला म्हणून मी त्यांच्याकडं वळलो.

त्यांचे डोळे मिटलेले होते. पुढच्या सीटखाली ते दोन्ही पायांनी नसलेलं पायडल हळूहळू दाबत होते. उतरायला लागलो तेव्हा त्यांच्या हातानं हवेत काहीतरी मागं ओढलं, चाकं टेकायच्या जराशीच आधी.

विमान थांबलं. माणसं उठली, सामान काढलं, मागच्या दारानं उतरली. कॅप्टन बसूनच होते. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरलेले. मी म्हणालो, "चला." ते हलेनात. मी त्यांचा पट्टा सोडवायला गेलो, तो मला सुटेना. विमानातली मुलगी आली, मराठीच होती. तिनं वाकून एका झटक्यात पट्टा सोडवला आणि मायेनं म्हणाली, "घाबरलात का, सर? पहिल्यांदाच बसलात वाटतं विमानात."

मी तिला सांगणार होतो. कॅप्टननी माझं मनगट धरलं.

"हो," ते म्हणाले. "पहिल्यांदाच."