सगोत्र नेटवर्कांचं लग्न

दोन नेटवर्कं जोडायची म्हटलं की आमच्या टीममधले मामा आधी गोत्र विचारायचे. गोत्र म्हणजे आयपी अ‍ॅड्रेसची रेंज. सिरुसेरीच्या आमच्या ऑफिसात सगळे त्यांना गोत्रमामाच म्हणत. घरची तंजावरी मराठी, तिला तमिळ हेल. रेंज सारखी निघाली की, "सगोत्र लग्न लावत नाही पा," म्हणून लॅपटॉप मिटायचे आणि कॉफीला निघायचे.

क्लाउडवर खासगी नेटवर्क उभारताना जो तो दहा-शून्यने सुरू होणारे पत्ते घेतो, कारण शिकवणीच्या उदाहरणात तेच असतात. एकट्याने राहीपर्यंत निभावतं. जोडल्यावर मात्र पलीकडच्या घरी पाठवलेला निरोप आपल्याच घरातला, त्याच पत्त्याचा गृहस्थ घेऊन बसतो. "नवऱ्याला हाक मारावी आणि काका बोहल्यावर चढावा," मामा म्हणत.

श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्याशी आमचं नेटवर्क सोमवारपर्यंत जोडायचं होतं. नाहीतर काम दुसरीकडे जाणार आणि आमची टीम मोडणार. बघतो तर दोघांची रेंज एकच.

"एकाला दत्तक जावं लागेल," मामांनी निकाल दिला. दत्तक गेलं की गोत्र बदलतं. म्हणजे नव्या रेंजचं नेटवर्क उभारून सगळे सर्व्हर तिकडे हलवायचे. पण जाणार कोण? आमचे पुण्याहून आलेले मॅनेजर म्हणाले, "आपण वरपक्ष. आपण का बदलायचं?" कारखान्याच्या साहेबांनीही तेच ऐकवलं. शुक्रवारभर व्हिडिओ कॉलवर दोन वरपक्ष एकमेकांकडे बघत बसले. मुलीकडचं कोणी आलंच नव्हतं.

शनिवारी मामांनी मॅनेजरना बाजूला घेतलं. "साहेब, दत्तक कोणाला घेतात? ज्याला वारस करायचं त्याला. ते कारखानावाले तुम्हाला वारस म्हणतायत."

मॅनेजर विरघळले. "मग विधी थाटात व्हायला हवा."

रविवारी ते मीटिंग रूममध्ये जरीकाठी वेष्टी नेसून बसले. केळीच्या पानावर गुळाचा चक्करै पोंगल. आमचं नेटवर्क त्यांनी डोळे पुसत एकशे बहात्तरने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या घराण्यात दत्तक दिलं. सोमवारी कारखान्याचा पहिला निरोप बिनचूक पोहोचला.

टीम राहिली, मामा त्याच महिन्यात निवृत्त झाले. त्यांना सोडायला अण्णा नगरच्या मेट्रो स्टेशनापर्यंत गेलो. विचारलं, "मामा, कारखानावाले खरंच वारस म्हणाले होते?"

"छे. हजार थापा मारून एक लग्न लावावं, असं इथे म्हणतात पा. माझं एकीतच भागलं. उरलेल्या तुला ठेवून जातो, जपून वापर."

अजून पुरतायत.