आदी उपस्थित होते

शुक्रवारी दुपारी ती कोल्हापूरच्या आमच्या कार्यालयात आली, तेव्हा तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं एक कात्रण होतं. बातमी मीच लिहिलेली, सात-आठ वर्षांपूर्वीची. तेव्हा मी इचलकरंजीला वार्ताहर होतो. कबनूरच्या यंत्रमाग शेडांमध्ये सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांनी, शेडमध्ये संडास हवा म्हणून, प्रांत कचेरीवर मोर्चा काढला होता.

ती त्या बायकांपैकीच. कांड्या भरत बाहेरून बी.ए. झालेली. मागास समाजातल्या, आपल्या वस्तीत पुढाकार घेतलेल्या पदवीधरांना परदेशात दोन वर्षं शिकायला पाठवणारी एक शिष्यवृत्ती होती. तिचा अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला होता आणि सोमवारी पुण्यात मुलाखत होती. पण गुरुवारी निवड समितीच्या कचेरीतून फोन आला. नेतृत्वाचा पुरावा म्हणून जोडलेल्या कात्रणात तुमचं नाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं, शेवटच्या ओळीत हाय," ती म्हणाली. "वाचा की."

मी वाचलं. मोर्चाचं नेतृत्व एका स्थानिक पुढाऱ्याने केल्याचं पहिल्याच वाक्यात होतं. शेवटी अकरा नावं, सगळी पुरुषांची, आणि त्यापुढे 'आदी उपस्थित होते'.

"त्या 'आदी'त मी हाय." ती हसली नाही.

हा शब्द आम्ही रोज वापरत होतो. जागा संपली की उरलेली माणसं त्यात जात.

समितीला शनिवारी संध्याकाळपर्यंत बातमीदाराचं पत्र फॅक्सने हवं होतं. मोर्चा हिनेच उभा केला आणि ते मी पाहिलं, एवढं लिहिलं की पुरेसं होतं. पण मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी मोर्चाला गेलोच नव्हतो. बातमी पुढाऱ्याच्या प्रेसनोटवरून केली होती. नावं त्याची, नावांचा क्रमही त्याचाच. मी तिला तसं सांगितलं.

"म्हाईत हाय मला. तिथं मी तुम्हाला शोधत होतो, सर."

तिच्याकडे एकच दुसरा मार्ग होता. मोर्चाच्या निवेदनावर पहिली सही तिची होती आणि शिक्का मारलेली पोच पुढाऱ्याकडे राहिली होती. शनिवारी सकाळी आम्ही दोघं इचलकरंजीला त्याच्या घरी गेलो.

"या पत्रकार. लई दिवसांनी वाट चुकलासा," तो म्हणाला. मग तिच्याकडे बघून, "ह्या बाई विलायतेला निघाल्यात म्हणं. आमाला कोण इचारतंय आता."

"अण्णा, निवेदनाची पोच पायजे होती."

"आठ वर्सं झाली बाई. उंदरं पदवीधर झाली आसतील ती खाऊन." तो माझ्याकडे वळला. "आन माझं नाव पयलं तुम्हीच छापलासा की. मी काय तुमचा हात धरून लिवलं व्हय?"

त्याचं बरोबर होतं.

मग तो जरा सैल झाला. ड्रॉवरमधून लेटरहेड काढलं. "बाईंनी माझ्या मार्गदर्शनाखाली चांगलं काम केलं, आसं देतो लिवून. सही, शिक्का. बास का?" तो लिहायलाही लागला.

अकरा वाजत आले होते. पत्र घेतलं असतं तर हातात काहीतरी पडलं असतं. पण नेतृत्व पुढाऱ्याचं, हे बातमीतलं वाक्यच पुन्हा शिक्क्यासह जाणार होतं. ती त्याच्या पेनाकडे बघत होती.

"अण्णा, मोर्चात तुम्ही कुठनं आलासा?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय."

"कचेरीच्या फाटकापासनं. फोटोवाला आला तवा."

पेन थांबलं. त्याने कागद उलटा करून ठेवला. "मग आमचं पत्र कशाला पायजे? जावा की."

एस.टी.त ती खिडकीशी बसली होती. हातकणंगले मागे पडलं. मग म्हणाली, "तुम्ही खरं तेवढं लिवा."

कार्यालयात येऊन मी इंग्रजीत सहा ओळी लिहिल्या. मी मोर्चाला हजर नव्हतो. बातमी एका व्यक्तीने पाठवलेल्या टिपणावरून केली. नेतृत्व कोणाचं होतं याची खातरजमा केली नाही. मोर्चातल्या एकाही बाईशी बोललो नाही. तेव्हा या बातमीवरून अर्जदाराने नेतृत्व केलं नाही, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

संपादकांनी ते उभ्या उभ्या वाचलं. "हजर नव्हतो, हे काढ. मग लेटरहेड घे."

"ते काढलं तर पत्रात काही उरत नाही."

"आणि ठेवलं तर उद्यापासून प्रत्येक बातमीला लोक विचारतील, तुम्ही होता का तिथे? काय सांगायचं?"

मी कोऱ्या कागदावर पत्र पुन्हा उतरवलं, खाली सही आणि घरचा पत्ता घातला. पावणेपाचला आम्ही समोरच्या फॅक्सच्या दुकानात होतो. समितीची कचेरी साडेपाचला बंद होत होती. लाइन लागेना. थांबलो असताना तिने पत्रात काय आहे ते विचारलं. मी मराठीत वाचून दाखवलं.

"म्हंजे माझ्या बाजूनं ह्यात काय न्हाय."

"नाही."

"ऱ्हाऊ दे. धाडा."

दोनदा कागद मध्येच अडकला. तिसऱ्या वेळी, पाच वाजून वीस मिनिटांनी, पोचल्याची चिठ्ठी मशीनमधून बाहेर आली.

मंगळवारी दुपारी तिचा फोन आला. पाच जणांची समिती होती. एका बाईंच्या हातात माझं पत्र होतं आणि पहिला प्रश्न त्यावरच आला. तुमचा साक्षीदार म्हणतो, मी तिथं नव्हतो. आम्ही विश्वास कशावर ठेवायचा?

"मी म्हटलं, मोर्चा ऱ्हाऊ दे बाजूला. मोर्चाच्या आदी काय केलं ते सांगतो."

शेडमधल्या बायका कामाच्या पाळीत पाणी पीत नसत. पाणी प्यायलं की बाहेर जावं लागे, आणि जायला जागा नव्हती. तिने आधी त्यांना पाणी प्यायला लावलं. ती स्वतः तांब्या घेऊन फिरत असे. मग दर दोन तासांनी नऊच्या नऊ बायका एकदम उठत आणि मागच्या गल्लीतल्या तिच्या घरी जात. त्या परत येईपर्यंत कांड्या भरल्या जात नसत. कांडी नसली की मागातला धोटा रिकामा आणि माग बंद.

"मालक पयल्या दिवशी वरडला. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसला. नवव्या दिवशी गवंडी आला." मोर्चा त्यानंतरचा, बाकीच्या शेडसाठी.

"समिती काय म्हणाली?"

"एका साहेबांनी इचारलं, ह्या बायकांनी तुमचं ऐकलं कशावरनं? मी म्हटलं, सासूच्या शिव्या खाऊन घराचं दार उघडं ठेवलतं, म्हणून."

मोर्चाच्या आठवड्यात मी त्या बायकांपैकी एकीशी जरी बोललो असतो, तरी हे सगळं तेव्हाच छापून आलं असतं.

निकालाला दीड महिना लागला. तेवढ्या काळात तिने मला चार वेळा फोन केला. समितीचं काही पत्र मला आलंय का, कुणी काही विचारलं का, एवढंच बोलणं व्हायचं. मला कुणी काही विचारलं नाही. शेवटी निवडीचं पत्र तिच्या घरी आलं. ते घेऊन ती कार्यालयात आली आणि दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय लिवलंय ते सांगा. डिक्शनरीत बघितलं, पण जुळंना."

तिची निवड कशासाठी झाली ते तिथे एका वाक्यात होतं. समूहाला एकत्र कृती करायला प्रवृत्त करण्याची क्षमता, असं मी भाषांतर करून सांगितलं.

तिने ते मनातल्या मनात एकदा म्हणून बघितलं.

"म्हंजे पाणी पाजायचं," ती म्हणाली, आणि पत्र घडी करून पिशवीत ठेवलं.