चष्मेवाला सुपरहिरो आणि आमची श्रावणी

दुपारपासून डोकं फिरलंय माझं, म्हणून इथं ग्रुपवर लिहितेय.

वालचंदनगरला आज वेशभूषा स्पर्धा होती. माझी नववीतली लेक श्रावणी टीव्हीवरच्या एका जुन्या मालिकेतला चष्मेवाला, हुशार सुपरहिरो झाली होती. निळा पोशाख आणि डोळ्यांवर स्वतःचाच चष्मा. त्याच्या दोस्तांची टोळी संकटात अडकली की तो डोकं चालवून त्यांना सोडवतो, म्हणून तिला तोच आवडतो.

परीक्षक पाहुणे माईकवरून म्हणाले, "चष्मा लावून कुठं सुपरहिरो असतो व्हय? काढ तो, अन् दोन फायटी मारून दाखव."

सगळे हसले. श्रावणी म्हणाली, "सर, ह्यो हिरो असाच हाय. मी चष्मा न्हाय काढणार."

"मग बक्षीस पण न्हाय!" पुन्हा हशा.

मी तडक स्टेजवर गेले. विचारलं, "माझ्या पोरीचा चष्मा तुमच्या डोळ्यांत का खुपतोय?"

"ताई, गंमत केली वो."

"मग तिला का हसू आलं न्हाय?"

त्यांनी मान फिरवली आणि पुढचं नाव पुकारलं. आम्ही कळंबला घरी आलो. आल्या आल्या पोरीनं तो निळा पोशाख काढून कपाटात कोंबला.

हसणाऱ्यांत या ग्रुपमधलेही चेहरे होते. तुमच्या लेकीला कुणी असं म्हटलं असतं, तर असेच दात काढले असते का? खाली उत्तर द्या. मी वाचतेय.