चंदेरी नंबर

डॉनाबाई कॉम्प्युटरवरचं मोठ्यानं वाचत होती आणि मी तिच्यासमोर मशीनवर बसून त्याच जर्सीवर नंबर शिवत होते.

"हा म्हणतो, नवीन हेल्मेट टोस्टरसारखं दिसतं. दुसरा म्हणतो, छातीवरचा नंबर हायवेच्या बोर्डासारखा आहे, बघून एक्झिट घ्यावीशी वाटते."

मला हसू आलं. डॉनाबाईला नाही आलं. शिवणाचं ते शॉप तिचं होतं.

दोन हजार पाचची गोष्ट. मिशिगनमध्ये, नोव्हायजवळ. आमच्या भागात एका कॉलेजची फुटबॉल टीम होती. इथला फुटबॉल म्हणजे बॉल बगलेत धरून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचं. टीमचा असतो तसाच शर्ट लोक विकत घेऊन घालतात, त्याला जर्सी म्हणतात. कापड बारीक भोकांचं, मेश. नंबर जाड कापडातून कापून त्यावर शिवायचा. ते माझं काम. चौथीपर्यंत शाळा झालेली, इंग्लिश कामापुरतं. पण नंबर सरळ बसला की नाही ते बघायला इंग्लिश लागत नाही.

आमचे हे गाड्यांच्या कारखान्यात होते. ते गेले, तेव्हापासून मी एकटी. मुलगा लांब, दुसऱ्या राज्यात, एडिसनला. दर फोनला म्हणायचा, "आई, बेसमेंट रिकामं आहे, ये ना." मी म्हणायचे, मशीन चालतंय तोवर माझं घर माझं. अपार्टमेंटचं भाडं त्या मशीनवरच निघायचं.

आदल्या वर्षी आम्ही नंबर इस्त्रीनं चिकटवून वरून साधी टीप मारली होती. धुतल्यावर कडा उचलल्या. लोकांनी बोंब मारली. म्हणून या वर्षी डॉनाबाई म्हणाली, "असं शिव की शर्ट फाटला तरी नंबर सुटला नाही पाहिजे."

मी तसंच शिवलं. आधी चिकटवलं, मग कडेनं दाट झिगझॅग, त्यावरून परत एकदा. सगळा उन्हाळा तेच. नवीन ड्रेस सीझनपर्यंत कुणाला दिसायचा नव्हता, म्हणून खिडक्यांना कागद लावले होते. बाहेर एक शब्द बोलायचा नाही, अशी ताकीद. शर्ट पूर्वीसारखाच हिरवा, पण साध्या पांढऱ्या नंबरच्या जागी चंदेरी नंबर, त्याला केशरी काठ. हेल्मेट पांढरं होतं, ते पण चंदेरी केलं.

टीम ते घालून उतरली आणि हरली. दुसरी मॅच पण हरली.

आमच्याच अपार्टमेंटमध्ये सुमेध नावाचा नागपूरचा इंजिनीयर राहायचा. त्याच कॉलेजातून शिकलेला. रविवारी मला ग्रोसरीला न्यायचा. स्वभावानं चांगला. एका रविवारी परत येताना गाडीत बसल्या बसल्या सुरू झाला.

"मावशी, पाहिलं का यार, काय करून ठेवलं आमच्या टीमचं? हिरव्यावर चंदेरी! लग्नाचं बॅन्डवालं पथक वाटतं."

"इतकं वाईट आहे?"

"अहो, पिटिशन टाकलंय आम्ही. कुणीच जर्सी विकत घ्यायची नाही. मी तर रोज पोस्ट करतो."

"रोज? मग ऑफिसचं काम?"

"ऑफिसमधूनच तर करतो." तो हसला. "ते टोस्टरवालं माझंच आहे, मावशी. एकदम हिट झालं."

मी कोथिंबिरीची पिशवी मांडीवर धरून बसले. मग विचारलं, "शिवण कशी आहे रे त्याची?"

"शिवण कोण बघतं, मावशी?"

त्याच आठवड्यात कॉलेजच्या स्टोअरचा फोन आला. जर्सी खपत नाहीत. नवीन माल नको. डॉनाबाईनं खूप विनवलं, तेव्हा तो माणूस म्हणाला, चंदेरी नंबर काढा, जुने पांढरे लावा. शर्ट नीट राहिला तर घेऊ.

वर्षाचं सगळं काम त्या एका ऑर्डरवर. ती गेली तर शॉप गेलं. शॉप गेलं तर मी एडिसनला.

टाके उसवायची एक बारीक सुरी असते. स्टीम देऊन गोंद सैल करायचा आणि त्या सुरीनं एकेक टाका तोडायचा. पहिला शर्ट मी जपून घेतला. नंबर निघाला, त्याच्याबरोबर मेश पण आलं. दाट टाक्यांनी कापड कडेनं कुरतडल्यासारखं झालं होतं. दुसऱ्याला स्टीम कमी दिली. मग गोंद सुटेना. तिसऱ्याला आतून उसवायला घेतलं. तरी तेच. पांढरा नंबर बारीक, त्याच्याखाली भोकं झाकली जात नव्हती.

"तुझ्या हाताला जमेल," डॉनाबाई म्हणाली.

"माझ्याच हातचं आहे, म्हणून तर जमत नाही."

तरी उसवत राहिले. बसून काय करणार होते? बोटांची सालं निघाली. त्यातल्या त्यात बरे शर्ट वेगळे काढले, पांढरे नंबर लावून इस्त्री केली.

स्टोअरचा माणूस आला. शर्टात हात घालून त्यानं तो दिव्यासमोर धरला. पांढऱ्या नंबरच्या भोवती, भोकाभोकांतून उजेड आला.

"आधीचा नंबर अजून दिसतोय," तो म्हणाला. ओरडला नाही. घडी नीट घालून शर्ट परत दिला आणि सॉरी म्हणून गेला.

थंडी पडायच्या आत शॉप बंद झालं. डॉनाबाई रडत होती. मी मशीन पुसलं, तेल घातलं, कव्हर चढवलं. ते विकायचंच होतं, तरी घातलं. शर्ट चिंध्यावाला घेऊन गेला.

मग एडिसन. बेसमेंट गरम असतं, तक्रार नाही. खिडकी वर आहे, तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसतात.

पुढच्या सीझनला सुमेधचा फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"मावशी, टीम त्याच ड्रेसमध्ये जिंकत सुटलीये यार! सगळ्यांना ती चंदेरी नंबरवाली जर्सी पाहिजे, कुठंच मिळत नाही. तुम्ही शिवणकाम करायच्या ना? मी साधा शर्ट पाठवतो, नंबर लावून द्याल?"

"तुला तर बॅन्डवाल्यांची वाटत होती."

"अहो, तेव्हा हरत होतो ना आपण!"

मी म्हटलं, माझ्याकडे आता मशीन नाही बाबा. ते खरंच होतं. बाकीचं सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असतं, आणि मला त्यातून काय मिळणार होतं?

इतकी वर्षं मला वाटायचं, लोक कपडा बघतात. लोक स्कोअर बघतात.

हल्ली मी इथल्या ओक ट्री रोडच्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल लावते. हातानंच. टाका सैल ठेवते, चटकन उसवता येईल असा.